तंतुकणिका, प्रथिने आणि कर्करोग : पेशीच्या मर्यादेचे शास्त्र

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा लिखित पाठ)



कर्करोग हा शब्द उच्चारला गेला की घरातील संभाषणाचा सूर बदलतो. निदानाचा कागद हाती येताच आप्तेष्ट जमतात आणि पहिल्या आठवड्यातच रुग्णावर सल्ल्यांचा वर्षाव सुरू होतो. त्यांपैकी एक सल्ला अलीकडे फार ऐकू येतो. कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात. तेव्हा साखर बंद करा, उपवास करा, म्हणजे गाठ उपाशी मरेल. मग रुग्णालयाची गरजच काय? तपाविषयी उपजत आदर असणाऱ्या समाजात हा सल्ला सहज स्वीकारला जातो, आणि म्हणूनच त्याची परीक्षा अधिक काळजीपूर्वक व्हायला हवी. या सल्ल्याचा पूर्वार्ध एका खऱ्याखुऱ्या शास्त्रीय निरीक्षणावर उभा आहे. उत्तरार्ध मात्र त्या निरीक्षणातून निघत नाही. या दोहोंमधील अंतर ओळखण्यासाठी पेशीच्या अंतरंगात, तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म घटकापर्यंत जावे लागते.

पेशीतील अतिथी

तंतुकणिका म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये ग्रीक भाषेतील ‘तंतू’ आणि ‘कण’ या दोन शब्दांवरून हे नाव घडविले. मराठी पाठ्यपुस्तकांतील शब्द त्याचाच नेमका अनुवाद आहे. त्यापूर्वी १८९० मध्ये रिखार्ट आल्टमान यांनी या कणांना स्वतःचे जीवन असावे, असे मत मांडले होते. ते त्या काळी कोणास पटले नाही. पुढे १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी जवळजवळ तोच विचार भक्कम युक्तिवादासह पुन्हा मांडला. दीडशे कोटी वर्षांहूनही पूर्वी एक जीवाणू दुसऱ्या पेशीत शिरला, तेथेच राहिला आणि दोघांचा संसार एक झाला, हा तो विचार आज सर्वमान्य आहे. परस्परोपग्रहाचे तत्त्व ज्यांच्या नित्य परिचयाचे आहे, त्यांना या सहजीवनाचे आश्चर्य वाटू नये.

या प्राचीन अतिथीने आपली लहानशी शिदोरी अद्याप जवळ ठेवली आहे. तंतुकणिकेत स्वतःचा डीएनए असतो. मनुष्याच्या बाबतीत तो १६,५६९ घटक-जोड्यांचा आहे. त्याचे संपूर्ण वाचन १९८१ मध्ये केंब्रिज येथे झाले. त्यात ३७ जनुके असून त्यांपैकी केवळ १३ जनुके प्रथिने घडवितात. तंतुकणिकेत काम करणाऱ्या प्रथिनांची एकूण संख्या मात्र अकराशेहून अधिक आहे. याचा अर्थ उरलेली सर्व प्रथिने पेशीच्या केंद्रकातील जनुकांच्या आज्ञेने बाहेर तयार होतात आणि मागाहून आत नेली जातात. अतिथी आणि यजमान यांचे हिशेब इतके एकमेकांत मिसळले आहेत की दोघांना वेगळे करणे आता शक्य नाही. कर्करोगात बिघडतात ती याच प्रथिनांपैकी काही.

या प्रथिनांची कार्ये स्थूलमानाने दोन. पहिले कार्य ऊर्जेचे. अन्नातील ग्लुकोजचे प्राथमिक विघटन तंतुकणिकेच्या बाहेर, पेशीद्रवात होते आणि त्यातून एका ग्लुकोज-रेणूमागे ऊर्जेच्या चलनाचे, म्हणजे एटीपीचे, निव्वळ दोन रेणू हाती लागतात. तंतुकणिकेत प्राणवायूच्या साहाय्याने ज्वलन पूर्ण झाले, तर हीच प्राप्ती सुमारे तीसपर्यंत जाते. दुसरे कार्य त्याहून गंभीर आहे. पेशीने जगावे की मरावे, याचा निर्णय बहुधा याच ठिकाणी अमलात येतो. जीवनाचे इंधन आणि मृत्यूची किल्ली एकाच कोठीत ठेवलेली आहे.

वारबुर्ग यांचे निरीक्षण

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बर्लिन येथे ओटो वारबुर्ग हे जीवरसायनशास्त्रज्ञ अर्बुदांच्या पातळ चकत्यांवर प्रयोग करीत होते. निरोगी ऊती प्राणवायू भरपूर असताना ग्लुकोजचे ज्वलन पूर्ण करतात. प्राणवायूचा तुटवडा पडला तरच त्या अर्धवट विघटनावर भागवतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. धावणाऱ्या माणसाच्या स्नायूंत असेच घडते. वारबुर्ग यांना आढळले की कर्करोगाच्या पेशी प्राणवायू मुबलक असतानाही ग्लुकोज मोठ्या प्रमाणावर ओढून घेतात आणि त्याचे लॅक्टिक आम्ल करून टाकतात. हे निरीक्षण ‘वारबुर्ग परिणाम’ या नावाने प्रसिद्ध झाले.

या निरीक्षणाची सत्यता आज दररोज अनुभवास येते. पेट स्कॅन या तपासणीत रुग्णाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोजसदृश द्रव्य अल्प प्रमाणात टोचतात. जेथे ग्लुकोजची ओढ अधिक, तेथे ते साचते आणि पडद्यावर उजळून दिसते. अनेक प्रकारच्या गाठी अशा रीतीने स्वतःच आपला ठावठिकाणा सांगतात.

वारबुर्ग सामान्य संशोधक नव्हते. श्वसनात प्राणवायूचा प्रत्यक्ष उपयोग करणाऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे तंतुकणिकेतीलच एका प्रमुख प्रथिनाच्या, स्वरूपाचा उलगडा केल्याबद्दल त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. अशा अधिकारी पुरुषाने १९५६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ठामपणे लिहिले की कर्करोगाचे मूळ पेशीच्या श्वसनाला झालेल्या कायमच्या इजेत आहे. थोडक्यात, तंतुकणिका मोडली म्हणून पेशी कर्करोगी झाली.

एकान्ताची मर्यादा

निरीक्षण खरे होते. निष्कर्ष एकान्तिक होता. अनेकान्ताच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्यांना हा भेद विस्ताराने सांगण्याची गरज नाही. एका नयाने दिसलेले सत्य हे सत्यच असते, परंतु तेच संपूर्ण सत्य आहे असा आग्रह धरला की ते मिथ्या होते.

अमेरिकेतील सिडनी वाइनहाउस यांनी १९५६ मध्येच आक्षेप नोंदविला होता की बहुतेक अर्बुदांचे श्वसन मोडलेले नसते. ग्लुकोजची उधळपट्टी आणि प्राणवायूचा वापर ही दोन्ही कामे तेथे एकत्र चालतात. मग उधळपट्टी कशासाठी? याचे उत्तर पुढील काळात स्पष्ट होत गेले. वेगाने वाढणाऱ्या पेशीला केवळ ऊर्जा पुरत नाही, तिला बांधकामाचे साहित्य हवे असते. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर नवा डीएनए, नवी आवरणे आणि नवी प्रथिने घडली पाहिजेत. घर बांधणारा माणूस हाती आलेले सारे लाकूड चुलीत घालत नाही. वासे आणि तुळया बाजूला काढून ठेवतो. कर्करोगी पेशी ग्लुकोजच्या बाबतीत असेच करते.

तंतुकणिका या बांधकामात निरुपयोगी तर नाहीच, उलट अपरिहार्य आहे. २०१५ मध्ये न्यूझीलंड आणि झेक प्रजासत्ताक येथील संशोधकांनी उंदरांवरील एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ज्यांतील तंतुकणिकांचा डीएनए नाहीसा केला आहे, अशा कर्करोगी पेशी उंदरांच्या शरीरात सोडल्या. या पेशींपासून गाठी फार उशिरा वाढल्या, आणि जेव्हा वाढल्या तेव्हा त्या पेशींमध्ये यजमान उंदराचा तंतुकणिकीय डीएनए आढळला. ज्या पेशींची तंतुकणिका पंगू होती, त्यांनी शेजारच्या निरोगी पेशींकडून ती मिळवली आणि मगच त्यांची वाढ जोमाने सुरू झाली. मोडकी तंतुकणिका हेच कर्करोगाचे मूळ असते, तर चांगली तंतुकणिका मिळविण्याची ही धडपड संभवली नसती.

तीन प्रथिनांची साक्ष

तरीही वारबुर्ग सर्वस्वी चुकले असे म्हणणे हाही एकान्तच होईल. काही विशिष्ट कर्करोगांत तंतुकणिकेतील प्रथिनाचा दोष हेच खरोखर मूळ कारण असते, हे गेल्या काही दशकांत सिद्ध झाले आहे.

पहिली साक्ष सक्सिनेट डिहायड्रोजनेज या प्रथिनाची. २००० साली असे उघडकीस आले की मानेतील रोहिणीजवळ वाढणाऱ्या एका आनुवंशिक गाठीच्या मुळाशी या प्रथिनाच्या एका घटकाचे सदोष जनुक आहे. दुसरी साक्ष फ्युमरेट हायड्रेटेज या प्रथिनाची. त्याच्या जनुकातील दोषामुळे काही कुटुंबांत त्वचेच्या व गर्भाशयाच्या गाठी आणि मूत्रपिंडाचा एक आक्रमक कर्करोग उद्भवतो, हे २००२ मध्ये समजले. ही दोन्ही प्रथिने तंतुकणिकेतील ज्वलनचक्राच्या सलग दोन पायऱ्या सांभाळतात. पायरी अडली की तिच्या अलीकडचे द्रव्य साचते. साचलेले सक्सिनेट अथवा फ्युमरेट पेशीतील प्राणवायू मोजणाऱ्या यंत्रणेला फसविते. प्राणवायू पुरेसा असूनही पेशीला वाटते की आपण गुदमरत आहोत. मग ती नव्या रक्तवाहिन्यांना आवाहन करते आणि वाढीची जनुके जागी करते. प्राणवायूची जाण ठेवणाऱ्या याच यंत्रणेच्या शोधाबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तिसरी साक्ष आयसोसिट्रेट डिहायड्रोजनेज-२ या प्रथिनाची. येथे प्रथिन बंद पडत नाही, ते नवा आणि अनिष्ट उद्योग सुरू करते. उत्परिवर्तनानंतर ते एक असे द्रव्य तयार करू लागते, की ज्यामुळे रक्तपेशींना प्रौढ होण्याचा आदेश देणारी जनुके झाकलेलीच राहतात. अपक्व पेशी अपक्वच राहून संख्येने वाढत जातात. तीव्र रक्तकर्करोगाच्या काही रुग्णांत हे घडते. या सदोष प्रथिनाला आवर घालणारे एनासिडेनिब हे औषध अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झाले. ते पेशींना मारण्यापेक्षा त्यांना प्रौढ होऊ देते, ही त्याची विशेषता होय.

मरण विसरलेली पेशी

आता तंतुकणिकेच्या दुसऱ्या कार्याकडे वळू. निरोगी शरीरात दररोज अब्जावधी पेशी शांतपणे निवृत्त होतात. ज्या पेशीचा डीएनए दुरुस्तीपलीकडे बिघडला, जिचे काम संपले, ती स्वतःला विसर्जित करते. या क्रियेला १९७२ मध्ये कर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी ‘अपॉप्टॉसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाडावरून पान गळणे असा आहे. हे गळणे शांत असते. आसपास दाह होत नाही आणि अवशेष शेजारच्या पेशी सामावून घेतात.

ही क्रिया कशी घडते, ते तंतुकणिकेच्या बाह्य आवरणावर पाहावयास मिळते. तेथे बीसीएल-२ हे रक्षक प्रथिन आणि बॅक्स व बॅक ही विसर्जक प्रथिने यांचा तोल सांभाळलेला असतो. विसर्जकांचे पारडे जड झाले की ती आवरणाला छिद्रे पाडतात. त्यांतून सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर निसटते. एरवी ऊर्जानिर्मितीत गुंतलेले हेच प्रथिन बाहेर येताच मृत्यूचा संदेश ठरते, हे १९९६ मध्ये शाओदोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. पुढे पेशीचे विघटन करणारी विकरे जागृत होतात आणि कार्य पूर्ण होते.

बीसीएल-२ चा शोध लागला तो लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगात. त्या रुग्णांच्या पेशींत चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात आणि परिणामी हे प्रथिन अतोनात निर्माण होते. तोवर अशी धारणा होती की कर्करोग म्हणजे पेशींची अनावर वाढ. १९८८ मध्ये मेलबर्न येथील डेव्हिड व्हॉ, सुझॅन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखविले की बीसीएल-२ पेशींना वाढवीत नाही. ते त्यांना मरू देत नाही. कर्करोगाकडे पाहण्याची दृष्टी येथे पालटली. जी पेशी वेळ झाली असता जात नाही, तीही तितकीच घातक, हे त्यातून उमगले.

हे ऐकताना कोणास सल्लेखनेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि ही उपमा फार ताणू नये. सल्लेखना हे विवेकी जीवाचे जाणीवपूर्वक स्वीकारलेले व्रत आहे. पेशीला व्रत नसते, केवळ यंत्रणा असते. उपमेतून इतकाच बोध घ्यावा की समूहाचे आरोग्य घटकाच्या मर्यादेवर अवलंबून असते. परिग्रहाला सीमा न राहिलेली पेशी आपल्या आश्रयदात्या देहालाच शेवटी संपविते आणि त्याच्याबरोबर स्वतःही नष्ट होते.

औषधांचे यश आणि अपयश

बीसीएल-२ च्या अभ्यासातून व्हेनेटोक्लॅक्स हे औषध जन्मास आले. रक्षक प्रथिनाच्या खाचेत ते नेमके बसते, त्याची पकड सोडविते आणि अडवून ठेवलेला पेशीमृत्यू पुन्हा सुरू होतो. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेत ते दीर्घकालीन लसिकापेशी रक्तकर्करोगाच्या विशिष्ट रुग्णांसाठी मान्य झाले. पुढे वयोवृद्ध अथवा तीव्र रसायनोपचार न झेपणाऱ्या तीव्र रक्तकर्करोगाच्या रुग्णांनाही इतर औषधांच्या जोडीने ते दिले जाऊ लागले. १९८८ चे निरीक्षण रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचण्यास अठ्ठावीस वर्षे लागली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

यशाबरोबर अपयशही सांगितले पाहिजे. तंतुकणिकेची ऊर्जायंत्रणाच बंद पाडली तर कर्करोग थांबेल, या अपेक्षेने तिच्या पहिल्या प्रथिनसंकुलावर आघात करणारे एक प्रबळ औषध रुग्णांवर तपासले गेले. मज्जासंस्थेवर दुष्परिणाम दिसून आले आणि त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. ही हकीकत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे परिचित औषध याच संकुलावर सौम्य परिणाम करते. स्तनाच्या कर्करोगात त्याचा लाभ होईल अशी मोठी आशा होती. ३,६४९ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाले. मधुमेह नसलेल्या रुग्णांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण त्याने लक्षणीय घटले नाही. कारण उघड आहे. तंतुकणिका मेंदूलाही हवी, हृदयालाही हवी. शत्रू आणि स्वजन एकाच विहिरीचे पाणी पीत असताना विहीर बुजविणे हा उपाय होऊ शकत नाही.

उपवास आणि उपचार

आता प्रारंभीच्या सल्ल्याची परीक्षा करता येईल. साखर तोडली, अन्न तोडले, तर गाठ उपाशी मरेल काय? मनुष्यदेह रक्तातील ग्लुकोजची पातळी फार दक्षतेने सांभाळतो. उपवासात प्रथम यकृतातील साठा वापरला जातो. तो साधारण एका दिवसात संपत आला की यकृत नवे ग्लुकोज तयार करू लागते, आणि त्यासाठी लागणारा माल बऱ्याच अंशी स्नायूंच्या प्रथिनांतून येतो. म्हणजे रुग्ण झिजतो. गाठीचा पुरवठा मात्र चालू राहतो. शिवाय अनेक कर्करोगी पेशी ग्लुटामिन आणि स्निग्ध आम्ले यांवरही निर्वाह करतात. पेट स्कॅनमधील उजळ ठिपका गाठीची आवड सांगतो, तिची एकमेव गरज सांगत नाही. उपवाससदृश आहार उपचारांच्या जोडीने देऊन पाहण्याच्या काही मर्यादित चाचण्या झाल्या आहेत. परंतु उपवास उपचारांची जागा घेऊ शकतो, असे कोणत्याही चाचणीने दाखविलेले नाही. उलट कर्करोगात वजन आणि स्नायू घटणे हे स्वतःच मोठे संकट आहे.

अतिरिक्त साखर आणि स्थूलता टाळणे हितावह आहे, यात वाद नाही. तंबाखूचा त्याग तर सर्वांत मोठा प्रतिबंध होय. मुखाचा कर्करोग आणि तंबाखू-पान चघळण्याची सवय यांच्या संबंधाचा अभ्यास मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी फार पूर्वी केला. व्यसनत्यागाचे व्रत निरोगी माणसाने वेळीच घ्यावयाचे असते. रोग झाल्यावर उपचार टाळणे हे व्रत नव्हे.

तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा आहे. त्याला औषधाच्या पंक्तीस बसविणे म्हणजे तपाचे मोल कमी करणे होय. षोडशकारण भावनांत तपाचा उल्लेख ‘शक्तितस्तप’ असा आहे. शक्तीनुसार तप, ही मर्यादा शास्त्रकारांनी स्वतःच घालून दिली. रसायनोपचार घेणाऱ्या रुग्णाची त्या दिवसांतील शक्ती किती, हे त्याच्या वैद्यास विचारूनच ठरविले पाहिजे. पर्युषणात अथवा अष्टाह्निकेत उपवास न झेपणाऱ्या रुग्णाने स्वाध्याय, जाप, सामायिक करावे. त्याने व्रतभंग केला असे कोणी त्यास भासवू नये. अनेक रुग्ण रोगापेक्षा या संकोचाने अधिक खचतात.

वैयावृत्त्याचे आवाहन

त्याच सोळा भावनांत आणखी एक भावना आहे, वैयावृत्त्य. आणि चार दानांत औषधदानाची गणना आहे. पन्नास वर्षे धर्म आणि समाज यांची सेवा करणाऱ्या न्यासासमोर या दोन शब्दांतून पुढील कार्याची दिशा स्पष्ट होते. निदान झालेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात योग्य रुग्णालयापर्यंत पोहोचविणारा कोणी हवा. मोठ्या शहरात दीर्घ उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या सोबत्यास निवास आणि शुद्ध भोजन हवे. नव्या औषधांचा खर्च सामान्य घराला न पेलणारा असतो. त्यासाठी कायम निधी हवा. आणि या सर्वांइतकेच, चुकीच्या सल्ल्याला नम्रपणे पण स्पष्टपणे ‘नाही’ म्हणणारे जाणकार कार्यकर्ते हवेत. गाठ लवकर दाखविणे आणि उशिरा दाखविणे यांतील काही महिन्यांचे अंतर हे पुष्कळदा एका आयुष्याचे अंतर असते.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी तंतुकणिका शिकविते ते एवढेच. प्राणवायू, अन्न आणि जागा या सर्वांच्या वाट्याच्या वस्तू आहेत. ज्याने आपला वाटा आणि आपली वेळ ओळखली, त्याच्यामुळे देह टिकतो. देह टिकविणाऱ्या शास्त्राला आणि आत्मा उजळविणाऱ्या धर्माला परस्परांविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. रुग्णाच्या उशाशी दोघांनीही बसावे, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षाची प्रार्थना.

जय जिनेंद्र!